पोथीही हवी, भाकरीही: घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी केडगावचे धडे

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी यवत मागे टाकून पुढे निघाली की थोड्या वेळाने केडगाव येते. गूळ, ऊस आणि कांद्याच्या बाजारासाठी बहुतेकांना हे गाव ठाऊक आहे. स्टेशनापासून जवळच पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे, हे मात्र दौंड तालुक्यातल्याही कितीतरी पालकांना माहीत नसते. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा विचार करणारे पालक हल्ली शिरूर-दौंड भागातही भेटू लागले आहेत. त्यांतल्या अनेकांची इच्छा सारखीच असते: मुलाला आपले संस्कार मिळावेत, स्तोत्रे, अभंग, प्रार्थना यावी, आणि शिक्षणाचा तो धार्मिक गाभा शाळेच्या धावपळीत हरवू नये. अशा पालकांनी आधी केडगावची गोष्ट नीट वाचावी, असे मला मनापासून वाटते. कारण रमाबाई घरीच शिकल्या, त्यांचे सगळे शिक्षण धार्मिकच होते आणि त्या शिक्षणाचे बळ व त्याची उणीव या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतःच्या अंगावर भोगल्या.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. पेशवे दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीला संस्कृत शिकवणाऱ्या रामचंद्रशास्त्री साठे यांचे ते शिष्य. बाईमाणसाने संस्कृत म्हटलेले त्यांनी तिथे प्रथम ऐकले आणि आपल्या घरातही हे घडावे असा ध्यास घेतला. पुढे त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. समाज खवळला, शास्त्रीबुवांना धर्मसभेपुढे उभे राहून आपली बाजू शास्त्राधारे मांडावी लागली. १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला तेव्हा वडिलांचे वय बरेच झाले होते. म्हणून लेकीला शिकवण्याचे काम लक्ष्मीबाईंवर आले.

इथे पालकांनी थोडे थांबावे. लक्ष्मीबाई आधी स्वतः शिकल्या आणि मग त्यांनी शिकवले. मला भेटणाऱ्या पालकांपैकी बरेच जण पुस्तके, ॲप, वेळापत्रक यांची यादी घेऊन येतात. 'या वर्षी तुम्ही स्वतः काय शिकणार आहात?' असे विचारले की गप्प होतात. मुलाला ज्ञानेश्वरी कळावी असे वाटत असेल तर आईने किंवा बाबाने रोज पाच ओव्या स्वतःसाठी वाचाव्यात. अडलेला शब्द शोधावा. मुलाने ते पाहावे. घरातल्या शिक्षणात शिकणारा मोठा माणूस डोळ्यांपुढे असणे हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठे साधन आहे.

लक्ष्मीबाईंच्या शिकवण्याचे वर्णन आजही वाचण्याजोगे आहे. दिवसभर घरचे काम, पाहुणे, स्वयंपाक. मग वेळ कुठला? पहाटेचा. उजाडायच्या आत त्या झोपलेल्या लेकीला उचलून जवळ घेत, गोड बोलून जागे करत आणि पाखरांच्या आवाजात श्लोक म्हणून घेत. हातात पुस्तक नसे. आईचा तोंडी पाठ हेच पुस्तक. कुटुंब तीर्थयात्रा करत गावोगाव फिरत होते, त्यामुळे वर्ग, बाक, फळा यांचा प्रश्नच नव्हता. भागवताचे सुमारे १८,००० श्लोक रमाबाईंना लहानपणीच मुखोद्गत होते असे सांगितले जाते. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईने शिकवले आणि मनाला असे वळण लावले की पुढे फारशी कुणाची मदत न घेता आपले शिक्षण आपण चालवू शकलो, असे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. घरी शिकवणाऱ्याने याहून मोठे ध्येय ठेवू नये आणि याहून लहानही ठेवू नये: पंधराव्या वर्षी मुलाला आपली गरज कमीत कमी उरावी.

आता कामाची गोष्ट. सकाळची पहिली वीस-पंचवीस मिनिटे कानाची आणि तोंडाची ठेवा. वही-पेन नको, मोबाइल नको. पहाटे चारला उठवण्याचा हट्ट धरू नका, पण आंघोळीनंतर आणि न्याहारीआधीची वेळ ठरवून टाका व ती मोडू नका. वेदपाठशाळांत संथा देण्याची रीत आहे. गुरुजी एकदा म्हणतात, शिष्य दोनदा म्हणतो. त्यानंतर तोच मजकूर पदे सुटी करून, मग क्रमाने, मग जटा आणि घन अशा रीतींनी उलटसुलट म्हटला जातो. या खटाटोपाचा हेतू एकच, एक अक्षरही हलू नये. घरात आपल्याला वेद पाठ करायचे नसले तरी युक्ती घेण्यासारखी आहे. मुलाला अभंग येतो असे वाटले की मधलेच कडवे विचारा. पाढा येतो असे वाटले की खालून वर म्हणायला लावा. सरळ म्हणताना जे निसटते ते तिथे सापडते.

पाठांतर टिकवण्याची सर्वांत शिस्तशीर रीत मी पाहिली ती मदरशात, कुराण पाठ करणाऱ्या मुलांची. त्यांचा रोजचा अभ्यास तीन भागांत असतो. आजचा नवा भाग, त्याला सबक म्हणतात. मागच्या काही दिवसांचा ताजा भाग, तो सबकी. आणि फार पूर्वी झालेल्यातला ठरलेला हिस्सा, ती मंजिल. नवे थोडे आणि जुने जास्त, हे प्रमाण तिथे काटेकोर सांभाळतात. आपण घरी नेमके उलटे करतो. नव्याच्या हौसेत जुने विसरू देतो आणि सहा महिन्यांनी 'सगळे विसरला' म्हणून मुलावर रागावतो. गणित, संस्कृत, इंग्रजी शब्द, काहीही असो, हे तीन कप्पे करून पाहा. एका वहीत तीन रकाने पुरतात.

पाठांतराला हल्ली नावे ठेवायची पद्धत आहे. त्यातला राग मला कळतो, कारण अर्थाविना घोकंपट्टीने कितीतरी मुले जायबंदी झाली आहेत. तरी लहान वयात कान तीक्ष्ण असतो आणि तेव्हा साठवलेली भाषा आयुष्यभर पुरते, हेही खरे आहे. दोन्ही सांभाळण्याचा मार्ग आपल्याच भागात दिसतो. दरवर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघते, यवतला आणि वरवंडला मुक्काम करते. यवतकरांची पिठलं-भाकरी वारकऱ्यांच्या तोंडी असते. त्या दिंड्यांत चालणारी दहा-बारा वर्षांची मुले पाहा. त्यांना हरिपाठ पाठ असतो, शिवाय हातात टाळ असतो, पायात ठेका असतो, शेजारी आजोबा असतात आणि चूक झाली तर मागचा माणूस सूर सावरून घेतो. कान, हात, पाय, माणसे, सगळे एकदम शिकत असते. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, तिथेही विद्यार्थ्याला नुसते पाठ म्हणून सुटका मिळत नाही. चार वर्षांच्या शेवटी त्याने लोकांसमोर उभे राहून निरूपण करावे, समोरच्याला अर्थ पटवावा, ही अपेक्षा असते. तुमच्या मुलासाठी याचे घरगुती रूप सोपे आहे. महिन्यातून एकदा, ठरलेल्या संध्याकाळी, चार शेजारी किंवा नातेवाईक बोलवा. मुलाने महिन्यात शिकलेले एक काही तरी, अभंग असो की पावसाचे चक्र, दहा मिनिटे उभे राहून समजावून सांगावे. आजी-आजोबांना प्रश्न विचारू द्या. परीक्षेची गरज तुम्हाला वाटणारच असेल, तर ती अशी असू द्या.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

डोंगरे कुटुंबाची घरची शाळा पाठांतरात, व्याकरणात, शास्त्रचर्चेत अव्वल होती. पण तिला कुंपण होते. संस्कृत सोडून दुसरी भाषा शिकण्याचा विचारही नव्हता. लौकिक विद्या म्हणजे संसारात गुंतवणारी आणि मोक्षाच्या वाटेत आडवी येणारी, अशी घरात श्रद्धा होती. इंग्रजी तर वर्ज्यच. कुटुंबाचा चरितार्थ पुराण सांगण्यावर होता. देवळात बसून पुराण वाचायचे, श्रोते धान्य, पैसे ठेवतील त्यावर राहायचे. होते नव्हते ते देवदानाला जाई.

मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. श्रोत्यांच्याच घरात दाणा नव्हता, पुराणिकाला कोण देणार? रमाबाईंनी त्या दिवसांविषयी पुढे स्पष्ट लिहिले आहे: भीक मागायला आणि हलके काम करायला अभिमान आडवा येत होता आणि मानाने कमावून खाण्याचा कुठलाच व्यवहार घरात कुणाला येत नव्हता. जंगलात झाडपाला खाऊन दिवस काढले. शेवटी भावाने, श्रीनिवासशास्त्रींनी, आईवडिलांना जगवण्यासाठी जातीचा अभिमान बाजूला ठेवून मजुरी करायचे ठरवले. तोवर उशीर झाला होता. १८७४ मध्ये वडील गेले, मागोमाग आई गेली, पुढे बहीणही गेली.

हजारो श्लोक पाठ असलेल्या घरात एकाही माणसाला चार पैसे मिळवण्याचे कसब नव्हते. मी हे वाचतो तेव्हा प्रत्येक वेळी थांबतो, आणि घरी शिकवणाऱ्या प्रत्येक पालकाने थांबावे असे वाटते. लक्ष्मीबाईंचे शिकवणे उत्तम होते. त्या शिक्षणाच्या जोरावरच १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. पण त्याच शिक्षणाने त्यांच्या आईवडिलांना भुकेपासून वाचवले नाही. दोन्ही एकाच घरात घडले.

रमाबाई हे विसरल्या नाहीत. इंग्लंड-अमेरिकेत त्या गेल्या, तिथे फ्रोबेलची बालवाडीची पद्धत शिकल्या, १८८९ साली मुंबईत मुलींसाठी शारदा सदन ही शाळा काढली, पुढच्या वर्षी ती पुण्याला आणली. केडगावला सुमारे १०० एकर माळरान घेतले ते १८९० च्या दशकाच्या मध्याला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी इथे आणल्या. १९०० च्या सुमाराला गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी आल्या. १८९८ मध्ये मुक्ती सदनाचे रीतसर समर्पण झाले. तिथे मुलींचा दिवस प्रार्थनेने आणि पाठाने सुरू होई. पण त्यापुढे प्रत्येकीला काम होते: शेती, विहिरीचे पाणी, दूध-दुभते, विणकाम, शिवण, तेलघाणा, स्वयंपाक, छापखाना. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत बायकाच. रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबलचा अनुवाद केला, एप्रिल १९२२ मध्ये मृत्यूच्या अगदी तोंडावर तो पुरा झाला आणि १९२४ मध्ये तिथल्याच छापखान्यातून बाहेर पडला. अंध मुलींसाठी त्यांची लेक मनोरमा परदेशात ब्रेल शिकून आली. दुष्काळाने हाकलून दिलेल्या पोरींना धर्म, अक्षर आणि कसब एकाच आवारात मिळाले. स्वतःच्या बालपणाला दिलेले हे उत्तर होते असे मी समजतो.

या दिशेने विचार करणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या. घोडनदीकाठच्या शिरूरलाही अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते आणि तिथे शाळेच्या जोडीने उद्योगशाळा चालवली जात असे.

तुम्ही कुठल्या धर्माचे आहात याने काही फरक पडत नाही. तुमच्या घरच्या शिक्षणात देवघर असेल, नमाज असेल, प्रार्थना असेल, तर त्याच दिवसात हाताचे काम आलेच पाहिजे, आणि ते 'छंद' म्हणून नको. शिरूर-दौंडच्या मुलाला शिकण्यासारखे कितीतरी भोवताली आहे. ठिबकची नळी जोडणे आणि तुंबलेला ड्रिपर साफ करणे. म्हशीची धार काढणे, दुधाचे फॅट बघणे आणि आठवड्याचा डेअरीचा हिशेब मांडणे. गुऱ्हाळावर रस उकळताना काहिलीपाशी उभे राहून किती रसाला किती गूळ पडला ते लिहून ठेवणे. मोटरची वायर, शिलाई यंत्र, गवंड्याचा ओळंबा. रांजणगावच्या कारखान्यांत काम करणारे कुणी ओळखीचे असेल तर एखादी सुटी त्यांच्या घरी, यंत्रांविषयी ऐकत. हिशेब मुलाच्या हाताने लिहिला गेला पाहिजे, आणि कामाचे पैसे खरेच मिळाले तर ते मुलाने स्वतः मोजावेत. मुलगी असेल तर तिला स्वयंपाकात आणि मुलाला शेतात अशी वाटणी करू नका. केडगावच्या मुलींनी छापखाना चालवून शंभर वर्षे होऊन गेली.

दुसरे कुंपण भाषेचे. डोंगऱ्यांनी इंग्रजीला दार बंद केले. आज कुणी इंग्रजीला दार बंद करत नाही, पण काही पालक विज्ञानाला, भूगोलाला, बातम्यांना करतात. 'यातून मन भरकटते' असे कारण देतात. त्यांना मी एवढेच सांगेन: त्या घरची मुलगी पुढे जे करू शकली ते कुंपण ओलांडल्यावर. मराठी, इंग्रजी आणि आणखी एखादी भारतीय भाषा, आठवड्यातून तीन दिवस विज्ञान, दररोज गणित, आणि वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचून त्यावर बोलणे, एवढे तरी प्रत्येक घरात असू द्या.

आणखी एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. पुण्यात शारदा सदन असताना रमाबाईंनी धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन दिले होते. त्या स्वतः तोवर ख्रिस्ती झाल्या होत्या आणि आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडे असे, काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून मोठा वाद पेटला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सुधारक मंडळी सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंनी आजवर बरेच लिहिले गेले आहे. पालक म्हणून मला त्यातून दोन गोष्टी दिसतात. मोठ्यांची श्रद्धा मुलांपासून लपत नाही, तुम्ही शिकवा वा न शिकवा. म्हणून काय शिकवणार आणि काय नाही हे घरात आधी उघडपणे बोला, आजी-आजोबांशी, जोडीदाराशी, आणि मूल मोठे होईल तसे त्याच्याशीही. आणि दुसरी, मुलाला प्रश्न विचारण्याची मोकळीक द्या. 'हे खरे कशावरून?' या प्रश्नाला 'असे विचारत नाहीत' हे उत्तर देऊ नका. उत्तर माहीत नसेल तर तसे सांगा आणि दोघे मिळून शोधा.

आणि हेही विसरू नका की ज्या जुन्या शिक्षणाच्या रीती मी वर सांगितल्या, त्यांच्या दारातून बहुसंख्य लोकांना शतकानुशतके आत येऊ दिले गेले नाही. बायकांना नाही, कनिष्ठ मानलेल्या जातींना नाही. म्हणून तुमच्या घरच्या पाठाला शेजारच्या कामगाराचे मूल येऊन बसले तर त्याला बसू द्या. तुमच्या मुलालाही सोबत हवीच असते. घरी शिकणाऱ्या मुलांची सर्वांत मोठी अडचण अभ्यासाची नसते, एकटेपणाची असते. हरिनाम सप्ताह, गावची तालीम, वाचनालय, कबड्डीचे मैदान यांतले एक काही तरी आठवड्यातून किमान तीनदा असलेच पाहिजे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, त्यामुळे निर्णय घेण्याआधी हे कलम नीट वाचा आणि जाणकाराशी बोला. पुढे मूल शाळेत परतले तर वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात, तिच्याकडून परीक्षा देता येते. त्यासाठी किमान वय १४ लागते. राज्य मंडळाकडे खासगीरीत्या बसायचे तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. जन्मदाखला, आधार आणि पूर्वी शाळेत नाव असेल तर शाळा सोडल्याचा दाखला, हे एका फाइलमध्ये आजच लावून ठेवा. दर महिन्याला मुलाने लिहिलेले, बनवलेले, मोजलेले काही तरी तारीख टाकून त्याच फाइलमध्ये ठेवा. कुणी विचारले तर तीच तुमची साक्ष.

येत्या रविवारी पुणे-दौंड लोकलने मुलांना घेऊन केडगावला उतरा. रमाबाईंची गोष्ट गाडीतच सांगा, आईच्या पहाटेच्या पाठाची आणि दुष्काळाचीही. परतताना मुलाला विचारा, तुला यातले काय शिकावेसे वाटते, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलू नका.